उद्धवरावांची छत्री आणि यंत्राचं पंचांग

आदिलाबादजवळच्या तामसीच्या बाजूला मोजणी निघाली की लोकांना आधी छत्री दिसायची, मग छत्रीखालचं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी यंत्राला डोळा लावून वाकलेला सर्व्हेअर. उद्धवरावांच्या मते ही नजर अगदी बरोबर होती. छत्री त्यांची होती, यंत्र सरकारचं होतं, आणि सर्व्हेअर आज इथे तर उद्या बदली होऊन उटनूरला.

उद्धवराव मोजणी खात्यात चेनमन होते. नोकरीला लागले तेव्हा लोखंडी साखळी ओढत काट्याकुट्यातून चालणं हे त्यांचं काम होतं. पण दोन-चार वर्षांत त्यांनी साखळी इतरांच्या खांद्यावर टाकली आणि स्वतः छत्री धरली. मोजणीच्या दुर्बिणीवर काचेची एक नळी असते, नळीत बुडबुडा असतो, आणि त्या बुडबुड्याला ऊन लागलं की तो जागा सोडतो. बुडबुडा सरकला की माप सरकतं, माप सरकलं की बांध सरकतो, आणि बांध सरकला की दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर येतात. म्हणून यंत्रावर उन्हाचा कवडसा पडू द्यायचा नाही. हे त्यांना पहिल्या सर्व्हेअरने एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर उद्धवराव सतरा सर्व्हेअरांना तेच सांगत आले. त्या सतरांपैकी बाराजणांना सरळ रेषा ओळखता येत नव्हती आणि उरलेल्या पाचांना वाकडी. हे मत ते कोणालाही, कुठेही, न विचारता सांगत. मनात आलेलं हिणकस बोलणं पोटात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पाणी गिळावं तसं लोक राग गिळतात. उद्धवरावांच्या गळ्याला ती वाटच नव्हती.

शहाऐंशी साली सरकारी छत्रीचं कापड विरलं. खात्याकडे नवी मागितली, तर अर्ज तीन टेबलं फिरून 'छत्री कोणत्या कारणास्तव' असा प्रश्न घेऊन परत आला. उद्धवरावांनी त्या कागदाकडे असं पाहिलं की कागदालाही लाज वाटावी. मग त्यांनी आदिलाबादच्या एका चहाच्या व्यापाऱ्याकडून चहाच्या पेट्यांच्या आत लावलेला चांदीसारखा चकचकीत पत्रा-कागद मागून आणला. राहीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वर काळं कापड, खाली खाकी, आणि मधे तो चांदीचा कागद घालून अख्खी छत्री शिवून काढली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पण खाली उभं राहिलं की लिंबाच्या सावलीसारखा गारवा. एप्रिलच्या उन्हातही ती छत्री तापत नसे. उद्धवराव म्हणत, "सरकारच्या छत्रीखाली मानूस भाजते. माह्या छत्रीखाली बुडबुडा झोपते."

अशी बारा वर्षं गेली, आणि अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये मुधोळकर आले.

मुधोळकर मूळचे मुधोळचे, शिकलेले हैदराबादेत, वय सत्तावीस. जिल्ह्यातले सगळे तलाव, विहिरी, रस्त्यांचे फाटे नव्या नकाशावर घेण्याचं काम कुठल्याशा कंपनीला मिळालं होतं, आणि कंपनीने मुधोळकरांबरोबर एक यंत्र पाठवलं होतं. तिपाई नाही, दुर्बीण नाही, बुडबुडाही नाही. तंबाखूच्या मोठ्या डबीएवढं काळं खोकं, त्याला एक छोटी काच आणि पाच बटणं.

"हे यंत्र?" उद्धवरावांनी जीपच्या मागच्या बाजूला, तिपाई असेल म्हणून, वाकून पाहिलं. "बाकीचं कुठी हाय?"

"एवढंच आहे," मुधोळकर म्हणाले. "वर आकाशात चोवीस उपग्रह फिरतात. त्यातले चार सापडले की आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते हे सांगतं. मग पुढच्या तलावाकडे बाण दाखवतं. बाणामागे चालत जायचं."

उद्धवरावांनी समोर बोट केलं. "तलाव थो काय. दिसून राह्यला. बाण कायले पाह्यजे?"

जीपचा ड्रायव्हर धोंडीबा खुदकन हसला. मुधोळकर हसले नाहीत. आदिलाबादच्या मोठ्या साहेबांचा हुकूम त्यांच्या फायलीत होता: यंत्राची तीन दिवस परीक्षा घ्यावी, तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन बघतील. यंत्र पास झालं तर साखळी बंद, आणि साखळीबरोबर चेनमनही बंद. सगळे चेनमन आदिलाबादच्या मुहाफिजखान्यात जातील. मुहाफिजखाना म्हणजे निजामाच्या काळापासूनचे नक्शे कापडी रुमालांत बांधून ठेवलेली दफ्तराची खोली; तिला एकच खिडकी आणि तीही दुसऱ्या भिंतीसमोर. पंचवीस वर्षं उघड्या रानात छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्या खोलीत नक्श्यांची धूळ झटकायला बसायचं होतं. यंत्र नापास झालं तरच उद्धवराव रानात राहणार होते.

पहिल्या दिवशी तलावाच्या पाळीवर मुधोळकरांनी यंत्र चालू केलं आणि उद्धवरावांनी, न सांगता, त्यावर छत्री उघडली. शत्रूचं यंत्र झालं म्हणून काय झालं? त्यांच्या समोर आजवर एकही यंत्र उन्हात उभं राहिलं नव्हतं. छत्रीची दांडी त्यांनी अशी खाली घेतली की कडा मुधोळकरांच्या भुवईला लागली.

"बरं झालं," मुधोळकर म्हणाले, "उन्हात काचेवरचं काही दिसत नाही."

"कापडानं काई होत नाई ना याले?"

"छे! कापड त्याला दिसतही नाही. पत्र्याचं छप्पर, दाट झाडी असं नको."

काचेवर उपग्रहांच्या दांड्या उमटायच्या होत्या. चार उभ्या, काळ्या, भरलेल्या दांड्या आल्या की काम फत्ते. पंधरा मिनिटांनी एक आली. आणखी दहा मिनिटांनी दुसरी आली. तिसरी येता येता पहिली पळाली. तासाभराने मुधोळकरांच्या कपाळावरून घाम यंत्रावर टपटपू लागला आणि उद्धवरावांच्या तोंडावर सणासुदीची कळा आली.

"सॉफ्टवेअर स्लो झालंय," मुधोळकर पुटपुटले. "मागच्याच महिन्यात नवीन टाकलं."

"थे काय अस्ते?"

"यंत्राच्या आतलं डोकं."

"मंग बराबर हाय. नवीन डोकं अन् चालत नाई. आमच्याकडे असे लय येऊन गेले."

मुधोळकरांनी बॅटऱ्या बदलल्या. यंत्र बंद करून चालू केलं. मग दोन बटणं एकदम दाबून त्याची सगळी आठवण पुसली. उद्धवरावांनी चौकशी केली की आठवण पुसल्यावर त्याला आपण कोणत्या कंपनीचे ते तरी ध्यानात राहतं का. देश विचारला तर देश भरला, तारीख विचारली तर तारीख भरली, वेळ विचारली तर धोंडीबाच्या घड्याळातली वेळ भरली. यंत्राने सगळं खाल्लं आणि दोन दांड्या दाखवून बसलं. दिवसभरात बारा जागा व्हायच्या होत्या. झाली एक, तीही साडेतीन वाजता, आणि बाण पुढच्या तलावाकडे दाखवायच्या ऐवजी धोंडीबाच्या जीपकडे.

"मलेच पृथ्वीवर शोधून राह्यलं का हे?" धोंडीबा म्हणाला.

संध्याकाळी घरी उद्धवरावांनी राहीबाईंसमोर डबी, दांड्या आणि मुधोळकर अशी तिघांचीही नक्कल केली. भाकरी थापता थापता राहीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "जास्त नाचू नोका. दोन दिस राह्यले अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुधोळकरांनी तामसीच्या एस.टी.डी. बूथवरून हैदराबादला फोन लावला. आत काचेच्या खोलीत ते घामाघूम होऊन बोलत होते आणि बाहेर उद्धवराव छत्री मिटून कान देऊन उभे होते. बाहेर आल्यावर मुधोळकरांचा चेहरा उजळला होता.

"अल्मनॅक जुना झालाय! कोणता उपग्रह कधी कुठे असतो त्याची यादी यंत्राच्या पोटात असते. ती जुनी झाली. आपण आठवण पुसली तेव्हा उरलीसुरलीही गेली. आता चाळीस मिनिटं मोकळ्या जागी ठेवायचं, म्हणजे ते स्वतःच नवी घेईल."

"अल्मनॅक म्हंजे?"

"म्हणजे... पंचांगच म्हणा."

हा शब्द उद्धवरावांच्या हाती लागायला नको होता. चाळीस मिनिटं ते फक्त तो चघळत होते. "सायेब, तारे पाह्याचं यंत्र, अन् त्याचं पंचांगच जुनं! आमच्या गावच्या जोश्याकडे तरी दर साली नवीन येते. जोशीबुवाले आणू का? थ्ये पाटावर बसतीन, यंत्राले अमावस्या-पौर्णिमा सांगतीन." मुधोळकरांनी पाळीवरच्या मोकळ्या जागेत यंत्र एका दगडावर ठेवलं. भोवती एक झाड नाही, वर ढग नाही. उद्धवरावांनी दांडी जमिनीत रोवली, छत्री नीट यंत्रावर आणली, आणि स्वतः उन्हात उकिडवे बसले. वर छत्रीच्या पोटात बारा वर्षांचा चांदीचा कागद कसा आकाश अडवून बसला असेल, हे त्या वेळी मुधोळकरांना माहीत नव्हतं आणि उद्धवरावांच्याही मनात नव्हतं.

चाळीस मिनिटांनी दोन दांड्या. ऐंशी मिनिटांनी तीन, मग पुन्हा एक.

मुधोळकरांनी पुन्हा बॅटऱ्या काढून घातल्या. हा मुलगा वाईट नव्हता. इतकंच होतं की यंत्र बिघडलं की त्याला यंत्राच्या आतच सगळं दिसे, बाहेरचं जग त्याच्यासाठी नसेच. जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं ठरवून, ते कसं टाकायचं हे विचारायला तो धोंडीबाला घेऊन पुन्हा बूथवर गेला. यंत्र उद्धवरावांच्या हवाली.

दोनच्या सुमारास शेतातून वावटळ उठली. कापसाच्या पऱ्हाट्या, पाचोळा, कोणाची तरी टोपी असं सगळं गरगरत पाळीवर चढलं, आणि रोवलेली छत्री उपटून समोरच्या वावरात घेऊन गेलं. उद्धवराव धोतर सावरत मागे पळाले. छत्री दोनदा हुलकावणी देऊन बोरीच्या काट्यांत अडकली. ती सोडवून, एक काडी वाकडी झाली म्हणून वावटळीला दोन शिव्या देऊन ते परतले, तोवर दगडावरची डबी टिक टिक वाजत होती.

काचेवर सहा दांड्या होत्या. भरलेल्या. काळ्या. ताठ.

उद्धवरावांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग हातातल्या छत्रीकडे. हळूच छत्री उघडून यंत्रावर धरली. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. बाजूला घेतली. दोनाच्या सहा. पुन्हा धरली, पुन्हा काढली. चौथ्यांदा त्यांनी आतल्या खाकी कापडावर बोट फिरवलं, चांदीचा कागद आतमध्ये चुरचुरला, आणि ते पाळीवर एकटेच इतक्या मोठ्याने हसले की तलावातली बगळ्यांची रांग उठून पलीकडे जाऊन बसली.

मुधोळकर परतले तेव्हा छत्री जागेवर होती आणि दांड्या दोन.

संध्याकाळी राहीबाईंना हे सांगताना उद्धवरावांना तीन वेळा पाणी प्यावं लागलं. "कागदाले भेते! चहाच्या पेटीच्या कागदाले! आकाशातून चोवीस जन बोंबलून राह्यले अन् याले एका छत्रीनं काई ऐकू येत नाई!"

राहीबाई मात्र हसल्या नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून त्या समोर येऊन बसल्या. "अवो, हे अजून कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"मंग आयका. उद्या मोठा सायेब येईन. तुमी छत्री धराची. तोंड उघडाचं नाई. एकच दिस. त्या अंधारकोठडीत धूळ झाडाले जायाचं का तुमाले?"

"मी काय येडा हाव?"

"येडे नाई. पन बोलता."

उद्धवरावांनी देवघराकडे हात करून शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला मोठे साहेब आले. साहेब तेलुगू माणूस, इथल्या मराठी लोकांशी हिंदीत बोलायचे, आणि उन्हावर त्यांचा राग असा की जणू ते कोणीतरी मुद्दाम सोडलं होतं. पाळीवर मुधोळकरांनी यंत्र चालू केलं. उद्धवरावांनी छत्री उघडली, खाली घेतली, आणि ओठ एकमेकांवर असे दाबले की मिशीचे केस सरळ उभे राहिले.

दहा मिनिटं. एक दांडी. वीस मिनिटं. दोन. मुधोळकरांनी जुनं सॉफ्टवेअर टाकल्याचं सांगितलं, पंचांग नवं केल्याचं सांगितलं. पंचविसाव्या मिनिटाला साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"रहने दो. आपका मशीन यहाँ नहीं चलता. पुराना चेन ही ठीक है."

झालं होतं. रान राहिलं होतं. उद्धवरावांनी फक्त छत्री मिटायची आणि जीपमागे चालू लागायचं होतं. धोंडीबाने लांबूनच त्यांना डोळा घातला.

तेवढ्यात मुधोळकर बोलले. बिचाऱ्यांना आपली कंपनी वाचवायची होती, दुसरं काही नव्हतं. "सर, मशीन में फॉल्ट है तो बहुत बारीक है. हैदराबाद के एक्स्पर्ट को भी नहीं मिला. इधर किसी को समझने की बात ही नहीं है."

साहेब मान डोलावून म्हणाले, "हाँ. ये लोगों को क्या समझेगा."

उद्धवरावांच्या गळ्यात काहीतरी वर आलं. त्यांनी ते खाली दाबलं. राहीबाई आठवल्या. देवघर आठवलं. ते खाली जाईना. साखळी ओढून ओढून घट्टे पडलेल्या, सतरा सर्व्हेअर पाहिलेल्या, बुडबुडा झोपवणाऱ्या माणसाला समजणार नाही? या डबीतलं? जी डबी चहाच्या कागदाला घाबरते?

"सायेब!" ते ओरडले. "ह्या यंत्राले काई रोग नाई. हे माह्या छत्रीले भेते!"

साहेबांनी मुधोळकरांकडे पाहिलं. "क्या बोलता है?"

"आवं, पाहाच तुमी!" आणि त्यांनी छत्री खाडकन बाजूला केली. "मोजा. एक... दोन... आली तिसरी. थांबा, येते, लाजून राह्यली. चार! पाच! आता पाहा." छत्री यंत्रावर. "गेले! सारे गेले! पळाले लेकाचे!" छत्री बाजूला. "आले! ये बाप्पा, ये, उद्धवराव गेला, ये आता!"

यंत्र टिक टिक वाजलं. बाण बरोबर पुढच्या तलावाकडे वळला.

उद्धवरावांना थांबवणं आता कोणाच्या हातात नव्हतं. त्यांनी छत्रीची शिवण उसवून चांदीचा कागद साहेबांना दाखवला, चहाच्या पेटीची गोष्ट सांगितली, वावटळीची सांगितली, मुधोळकरांच्या पंचांगाची सांगितली. "दोन दिस बॅटऱ्या बदलून राह्यले. आठवन पुसून राह्यले. हैदराबादले फोन करून राह्यले. वर पाह्यलं असतं त एका मिन्टात समजलं असतं! तारे शोधाले आले अन् वरतं पाहात नाई!"

मोठे साहेब पोट धरून हसले. इतके की उन्हाचाही त्यांना विसर पडला. मुधोळकरांचं तोंड आधी पडलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुढे होऊन उद्धवरावांचे दोन्ही हात धरले. दुपारपर्यंत बाराच्या बारा जागा झाल्या. एकेका जागेला तीन मिनिटं, चार मिनिटं. उद्धवराव मिटलेली छत्री खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे चालत होते आणि बाण कुठे वळेल ते बाण वळायच्या आधी सांगत होते.

"गोडुगु तीसेय्," साहेब मधेच कोणाला तरी तेलुगूत म्हणाले. छत्री काढून टाक. सगळे पुन्हा हसले. उद्धवरावही हसले.

जीपमध्ये बसताना साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत होशियार आदमी है. मशीन पास. तुम सोमवार से मुहाफिजखाने में आओ. वहाँ होशियार आदमी चाहिए."

साहेबांची जीप गेली. धोंडीबा आपल्या जीपला किल्ली लावायचं विसरून त्यांच्याकडे बघत होता. "उद्धवराव," तो म्हणाला, "काऊन केलं हो तुमी असं?"

"काय केलं?" उद्धवराव म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

घरी राहीबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्या रागावल्या नाहीत, आणि हेच वाईट होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "शपथ तरी दुसऱ्या देवाची घ्याची होती." आणि सोमवारच्या आदिलाबादच्या बसला डबा करावा लागणार म्हणून कणीक किती आहे ते पाहायला उठल्या.

मुहाफिजखान्यात वामनराव नावाचे जुने कारकून होते. छताला लागलेल्या मांडण्यांमध्ये, लाल रुमालांच्या गठ्ठ्यांत, ते स्वतःही एक बांधलेला नक्शा असल्यासारखे बसलेले असत. पहिल्याच दिवशी उद्धवरावांनी त्यांना सगळी हकिगत ऐकवली. दांड्या येण्या-जाण्याची नक्कल तर दोनदा केली. वामनराव चष्मा कपाळावर सरकवून लक्ष देऊन ऐकत होते.

"पण मला एक समजत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं. साहेब निघालेच होते. गप्प बसला असतात तर आज रानात असता. मग सांगितलंत कशाला?"

उद्धवरावांनी खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग ताठ झाले.

"कशाले म्हंजे? इथं कोनाले समजत नाई म्हने थो. अन् मी गप्प बसू? त्या डबीसाठी? आता हैदराबादले जाऊन थो साऱ्याइले सांगून राह्यला असन, की तामसीकडच्या एका चेनमननं आमाले शिकवलं. अन् ह्या खोलीचं काय घेऊन बसले तुमी?" त्यांनी मांडणीवरचा एक गठ्ठा ओढला, रुमाल सोडला, आतल्या नक्श्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे कोन काढलं हो? ह्या मान्साले त सरळ रेघ बी ठाऊक नोती."

वामनरावांनी फडकं पुढे सरकवलं.

"आधी वरची मांडणी," ते म्हणाले. "नावं मग ठेवा."